सगळ्या वर्गाला दिसेल असा कीबोर्ड

लखनौच्या चौकात सोनं-चांदी गाळणारी मराठी घरं आहेत. आमचं त्यांपैकी एक, मूळ विट्याकडचं. घरचे गलाईच्या कामात, मी माडीवर मुलांना कीबोर्ड शिकवते. शिकवण्यातला सर्वांत जास्त वेळ खातो तो कीबोर्डचा काडेपेटीएवढा पडदा. टोन कोणता, टेम्पो किती, ट्रान्सपोज किती, सगळं त्यावरच, आणि ते दिसतं फक्त समोर बसलेल्याला. एकाचा ट्रान्सपोज शून्यावर आणि दुसऱ्याचा उणे दोनवर राहिला, की दोघांनी तीच पट्टी दाबूनही सूर जुळत नाही. मूल बिचारं आपलं बोट चुकलं म्हणून घाबरतं.

ही अडचण जुनी आहे. १९८३च्या यामाहा डीएक्स७ सिंथेसायझरच्या एका आवाजामागे जवळजवळ दीडशे आकडे होते आणि ते पाहायला १६ अक्षरांच्या दोन ओळी. रोलँडने १९८६च्या एस-५० सँपलरला थेट मॉनिटर जोडायची सोय दिली. पुढे यामाहाच्या टायरोस मालिकेतही व्हिडिओ आउट आला. गाण्याचे शब्द टीव्हीवर दिसू लागले. पण घरोघरी असतात त्या पीएसआर-आय५००सारख्या कीबोर्डना ही सोय नाही.

अशा वेळी दोन सोप्या वाटा उरतात. पहिली संगणकाची. मिडी म्हणजे वाद्य आणि संगणक यांची बोलायची भाषा. ती मिडी केबलने जावो की यूएसबीने, तिच्यातून आवाज नव्हे, आकडे जातात. कीबोर्डला एडिटर सॉफ्टवेअर उपलब्ध असेल तर तेच आकडे मॉनिटरवर सरकपट्ट्या होऊन दिसतात आणि तिथून बदलताही येतात. डीएक्स७साठी ‘डेक्स्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. स्वतःचे आवाज घडवणाऱ्याने हीच वाट धरावी.

दुसरी वाट मोबाइलच्या कॅमेऱ्याची. वर्गासाठी तीच उत्तम, असं माझं ठाम मत आहे. फोन स्टँडवर लावून पडद्याच्या अगदी समोर धरायचा, कारण एलसीडी तिरका पाहिला की अक्षरं फिकी पडतात. ट्यूबलाइटची चमक येत असेल तर फोन नव्हे, दिवा हलवायचा. फोनच्या स्क्रीनवर अक्षरांवर बोट दाबून ठेवलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच स्थिर होतो. मग चित्र टीव्हीवर. वायरलेसने ते किंचित उशिरा पोहोचतं. आकडे वाचायला हरकत नाही, पण बोटं दाखवायची असतील तर शक्यतो केबल लावा, नाहीतर सूर आधी आणि बोट नंतर असं दिसेल.

काही हौशी लोक याहून अवघड वाट धरतात: पडद्यावरचा मजकूर बाहेर काढायला कीबोर्ड उघडून पडद्याच्या तारांना मायक्रोकंट्रोलर जोडतात. इलेक्ट्रॉनिक्स येत असेल तरच ते करावं, वॉरंटी जाते.

याच लखनौ शहरात १९२६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज सुरू झालं, आजचं भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. बंदिशी स्वरलिपीत छापून त्यांनी गुरूच्या गळ्यातलं गाणं साऱ्या वर्गाच्या डोळ्यांसमोर मांडलं. त्या शहरात शिकवताना पडदा माझ्या एकटीपुरता ठेवणं मला पटत नाही.

नवा कीबोर्ड घेताना आवाज ऐकाच, पण दुकानदाराला त्याची मागची बाजूही दाखवायला सांगा. यूएसबी, मिडी, व्हिडिओ यांपैकी काय आहे ते पाहा, आणि त्या मॉडेलचा एडिटर मिळतो का हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.