हळदीचा पिवळा आणि संगणकाचा पडदा

प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याची तजवीज केली आणि व्ही. शांताराम यांनी त्यासाठी थेट जर्मनीतील प्रयोगशाळेचा आश्रय घेतला. परंतु एवढा द्रव्यव्यय होऊनही पडद्यावर उतरलेले रंग मनाजोगते नव्हते. कॅमेऱ्यासमोरचा रंग आणि प्रेक्षकासमोरचा रंग यांतील जी तफावत मिटवण्यासाठी एका नामवंत संस्थेला सातासमुद्रापार जावे लागले, ती आज नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईलगतच्या एखाद्या गाळ्यात, साध्या संगणकाच्या मॉनिटरवर, पुष्कळ अंशी मिटवता येते. मात्र खर्चाचा क्रम नीट लावला पाहिजे.

लग्नाची शूटिंग करणाऱ्या आपल्याकडील मंडळींची खरी कसोटी हळदीच्या दिवशी लागते. हळदीने माखलेली त्वचा, तिच्यावर पडणारे मंडपाच्या गुलाबी कापडाचे प्रतिबिंब आणि मागे लुकलुकणारे निळे दिवे असा संकर समोर असता, कॅमेऱ्याची स्वयंचलित व्यवस्था त्या पिवळ्यालाच दोष समजून तो कमी करू पाहते आणि नवरी फिकट दिसू लागते. एडिटर तो रंग परत आणू जातो, तेव्हा त्याचा स्वतःचा डोळाही त्याला दगा देतो. कारण खोलीतील पिवळट बल्बाला, हिरव्या रंगवलेल्या भिंतीला किंवा निळसर मॉनिटरला आपली दृष्टी काही मिनिटांतच सरावते आणि जे समोर आहे तेच शुभ्र मानू लागते. म्हणून केवळ नजरेच्या साक्षीवर रंगाचा निवाडा करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

निवाड्यासाठी प्रमाण उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९० साली मंजूर केलेल्या ७०९ क्रमांकाच्या शिफारशीत तीन मूळ रंग आणि सुमारे ६५०० केल्व्हिनचा शुभ्रबिंदू निश्चित केलेला आहे. २०११ च्या १८८६ क्रमांकाच्या शिफारशीने पडद्याचा गॅमा २.४ ठरवला, आणि संदर्भ-पडद्याची शुभ्र दीप्ती चौरस मीटरला १०० कँडेला धरण्याचा प्रघात आहे. अल्प भांडवलाच्या कारागिराला दिलासा देणारी गोष्ट अशी, की संगणकांसाठी १९९६ साली पुढे आलेल्या एसआरजीबी प्रमाणाचे मूळ रंग हेच आहेत. त्यामुळे ते प्रमाण जवळजवळ पूर्ण व्यापणारा साधा आयपीएस मॉनिटर या कामास पात्र ठरतो, आणि लाखांच्या घरातील संदर्भ-मॉनिटरवाचून अडत नाही.

तेव्हा पहिला खर्च अधिक महाग पडद्यावर न करता पडद्याला टेकवून मोजमाप घेणाऱ्या कलरिमीटरवर करावा. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा, ‘व्हिव्हिड’, बदलता कॉन्ट्रास्ट आणि रात्रीचा निळा-प्रकाश फिल्टर बंद करावेत, आणि डिस्प्लेकॅल या विनामूल्य सॉफ्टवेअरने मोजणी करावी. येथे एक तपशील पुष्कळांच्या ध्यानी येत नाही: संगणकाच्या प्रणालीत बसवलेला रंग-प्रोफाइल अनेक व्हिडिओ सॉफ्टवेअर मानतीलच असे नाही. म्हणून त्याच मोजणीतून त्रिमितीय ‘लट’ (रंग कसे बदलावेत हे सांगणारा तक्ता) तयार करून तो डाविंची रिझॉल्व्हच्या दृश्य-खिडकीपुरता लावावा. ग्राहकाला द्यावयाच्या प्रतीत तो मिसळता कामा नये, नाहीतर आपल्या मॉनिटरचे दोष दुसऱ्याच्या घरी पोचतात.

भिंती करड्या, आणि पडद्यामागे ६५०० केल्व्हिनचा मंद दिवा, एवढा बंदोबस्त फार खर्चाचा नाही.

पडदा असा प्रमाणित झाला, की चित्रातील रंगछटा आलेखात दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपकडे वळावे. त्यावर त्वचेची म्हणून एक रेषा असते. वर्ण गोरा असो वा सावळा, निरोगी त्वचेचा रंग तिच्या आसपासच पडतो. म्हणून सावळ्या वधूला ‘उजळवण्याची’ जी चाल पडली आहे, तिला या रेषेत काही आधार सापडत नाही, आणि ती चाल मला अन्यायाची वाटते. हळदीच्या प्रसंगी मात्र चेहरा रेषेपासून पिवळ्याकडे सरकणारच, आणि तो तेथे राहू द्यावा. रुजुवात करावयाची ती हळद न लागलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून. मॉनिटर हळूहळू ढळतो, सबब महिन्या-दोन महिन्यांनी मोजणी पुन्हा करावी, आणि प्रत सोपवण्यापूर्वी ती एकदा घरच्या टीव्हीवर व एकदा मोबाईलवर पाहावी. तेथे काही वेगळे दिसले, तर दुरुस्तीचा हात ग्रेडिंगला लावण्याआधी त्या पडद्यावरचा ‘व्हिव्हिड’ सुरू आहे का, ते तपासावे.