सुई हलता कामा नये

भोसरीच्या एका शेडमध्ये टेबलावर नोजकोनचा मोल्ड आहे. पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलांनी बनवायला घेतलेल्या रेसिंग कारचं नाक. मोल्डवर कार्बनच्या कापडाचे थर, त्यावर नंतर सोलून काढायचा पील प्लाय, मग हिरवी जाळी आणि सगळ्यांवर पारदर्शक बॅग. पंप सुरू होताच बॅग आकसून कापडाला घट्ट चिकटली. मुलांचं लक्ष रेझिनच्या बादलीकडे, शेडच्या मिस्त्रींचं निर्वात मोजणाऱ्या गेजच्या सुईकडे. त्यांनी पंपाची नळी क्लॅम्पने आवळली, मोबाइलवर वेळ पाहिली आणि स्टूल ओढून बसले. "अर्धा तास. कुणी हात लावायचा नाही."

बॅगेतली हवा काढून कापडात रेझिन भरायची ही युक्ती नवी नाही. 1974 मध्ये आलेल्या एलिट गाडीची बॉडी इंग्लंडच्या लोटस कंपनीने अशाच निर्वाताच्या मदतीने बनवली होती. बॅग आणि रेझिन वाहून नेणारी जाळी यांच्या अमेरिकी पद्धतीला 1990 मध्ये पेटंट मिळालं. आज तेवढंच सामान छोट्या शेडमध्येही मावतं.

मात्र पंप रेझिन ओढतो, हा समज मिस्त्री पहिल्याच दिवशी खोडून काढतात. पंप फक्त आतली हवा काढतो. रेझिनला ढकलते ती बाहेरची हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब साधारण 950 मिलिबार. मुंबईत पाऱ्याच्या एकोणतीस इंचांच्या पुढे जाणारी गेजची सुई इथे अठ्ठावीसच्या आसपासच थांबते. नवखा मुलगा पंपाला दोष देतो आणि उगाच पंप उघडून बसतो.

रेझिनच्या चालीचा हिशेब या पद्धतीहून जुना आहे. फ्रान्सच्या दिजाँ शहरात वाळूतून पाणी कसं झिरपतं हे मोजून आंरी दार्सी यांनी 1856 मध्ये जो नियम मांडला, तोच इथे लागू होतो. एका टोकाने रेझिन सोडलं, तर अंतर दुप्पट झाल्यावर वेळ चौपट लागतो. 30 सेंटिमीटरला पाच मिनिटं लागली, तर 60 ला वीस. तेवढ्यात रेझिन घट्ट व्हायला लागलं, की पार्ट अर्धवट राहतो. म्हणून मोठ्या बॉनेटला रेझिनची वाट मधोमध देतात.

शेडमध्ये दहा मिनिटांत सुई घसरली. किती घसरली यापेक्षा कशी घसरली, हे मिस्त्री पाहतात. घसरत घसरत मंदावली, तर कापडातला ओलावा सुटतोय. पावसाळ्यात हे नेहमीचं. एकसारखी पडत राहिली, तर गळती. आज ती एकसारखी पडत होती. त्यांनी कान बॅगच्या कडेशी नेला आणि चिकट टेपवरून बोट फिरवत निघाले. कोपऱ्यातल्या चुणीशी बारीक सुस्कारा ऐकू आला. टेप दाबली, क्लॅम्प पुन्हा आवळला. पुन्हा अर्धा तास.

गळती निदान ऐकू येते. कोपऱ्यात कापड ताणलं गेलं, तर खाली पोकळी राहते. तिथे नुसतं रेझिन साचतं आणि पुढे तडकतं. कापड मोल्डच्या कडेला नीट बसलं नाही, तर रेझिन त्या फटीतून पळत सुटतं, मधल्या भागाच्या आधी हवा निघायच्या तोंडाशी पोचतं आणि मध्ये कोरडं बेट अडकतं. त्यावर उपाय आधीच करायचा: कापड कडेपर्यंत बेतून बसवायचं आणि जाळी शेवटाच्या काही सेंटिमीटर आधी थांबवायची, म्हणजे पुढे धावणारं रेझिन तिथे मंदावतं. सगळं रेझिन एकदम कालवलं, तर बादलीतच तापून धूर निघतो. नळीचं टोक बादलीतल्या रेझिनच्या वर आलं, तर हवेची माळ थेट पार्टमध्ये शिरते. आणि एकदा जमलेलं रेझिन वितळवून पुन्हा वापरता येत नाही. महागडं कार्बन कापड त्यासोबत जातं.

दुसऱ्या वेळी सुई स्थिर राहिली. रेझिन सोडलं, काळसर ओल जाळीखालून पसरत गेली. नाकाच्या टोकाजवळ मात्र एका कडेने ती पुढे धावली आणि तळहाताएवढी फिकट जागा मागे राहिली. मिस्त्री बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

शेडच्या भिंतीवर फसलेले पार्ट टांगलेत. प्रत्येकावर टेपचा तुकडा, त्यावर तारीख आणि कारण. मिस्त्रींनी मार्कर घेऊन नव्या तुकड्यावर तारीख टाकली आणि कापड लावणाऱ्या मुलीला जवळ बोलावलं. "कड कुठे सुटली, तू सांग. मग लिहू."