चालत्या यंत्रांतील भर आणि घट

आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली हें लहानसें गांव २९ सप्टेंबर २०१० रोजीं साऱ्या देशाला ठाऊक झालें. कारण आधार क्रमांकांचें पहिलें वाटप तेथें झालें. पुढें कांहीं वर्षांनीं रास्त भावाच्या दुकानांतही यंत्रावर बोट टेकण्याची आपणांस संवय झाली. बोट टेकलें, कीं ओळखीचा पडताळा दूरच्या संगणकांकडून यावयाचा; तो न आला, तर पाड्यावरून दोन कोस चालत आलेल्या मजुराचा रोज बुडाला. अशा संगणकांना रविवार नाहीं. ते अनेक असतात व एक थांबल्यास दुसरा त्याचें काम उचलतो, हें खरें. परंतु चालू असलेल्या एकाच संगणकांत प्रोसेसर वा मेमरी वाढवावयाची, अथवा काढून घ्यावयाची झाली, तर तें कसें साधतें, हें आज सांगावयाचें आहे. ह्या कृतीस हॉटप्लग म्हणतात.

प्रोसेसर म्हणजे काम करणारा आणि मेमरी म्हणजे तें काम मांडून बसण्याची जागा. ह्या दोहोंची वांटणी करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, तो कर्नल. शाळेच्या भाषेंत बोलावयाचें, तर तो हेडमास्तर. प्रत्यक्ष तुकडा उपसून काढण्याचा प्रसंग विरळाच; भाड्यानें दिलेल्या आभासी यंत्राला गर्दीच्या वेळीं चार प्रोसेसरांचे आठ करून देणें, किंवा बिघडूं लागलेला भाग कामांतून बाजूस सारणें, हेच प्रसंग अधिक. मी उदाहरण लिनक्स कर्नलचें घेतों. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं तो १९९१ सालीं प्रसिद्ध केला, आणि त्याचा मजकूर वाचावयास कोणासही मोकळीक आहे.

एक शिक्षक ऐन सत्रांत शाळा सोडून जाणार, असें समजा. त्याची खुर्ची उचलली म्हणजे झालें काय? प्रथम त्याला नवें काम देणें थांबवावें लागतें. मग त्याचे वर्ग इतरांकडे सोंपवावे लागतात. त्याच्या नांवें येणारे निरोप दुसऱ्याकडे वळवावे लागतात. त्यानें लावून ठेवलेले गजर दुसऱ्या कोणीं तरी संभाळावे लागतात. आणि त्याच्या खणांत राहिलेले कागद परत दप्तरांत जमा करावे लागतात. प्रोसेसरचें नेमकें असेंच आहे. निरोप म्हणजे इंटरप्ट, गजर म्हणजे टायमर, आणि प्रत्येक प्रोसेसरपाशीं त्याचा स्वतःचा असा खणही असतो. ह्यांपैकीं एक विसरलें, तर कोठें तरी एक काम कधींही न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत खोळंबतें.

क्रमाचेंही महत्त्व आहे. ज्या पायऱ्यांनीं प्रोसेसर वर चढला, त्याच पायऱ्यांनीं, पण उलट क्रमानें, तो उतरला पाहिजे. पूर्वीं लिनक्समध्यें एक दवंडी पिटली जाई, व ती ऐकून ज्यानें त्यानें आपापली व्यवस्था करावी, अशी रीत होती. येण्याची आणि जाण्याची दवंडी एकाच क्रमानें फिरे, आणि त्यांतून घोटाळे होत. २०१६ सालीं थॉमस ग्लाइक्सनर ह्यांनीं तिच्या जागीं पायऱ्यांची रीतसर मांडणी आणण्यास आरंभ केला. मध्येंच एखादी पायरी फसली, तर आल्या वाटेनें मागें फिरावयाचें, अशी तींत सोय आहे. येणाऱ्याच्या स्वागताची तयारी सगळेच करतात, जाणाऱ्याच्या निरवानिरवीची क्वचित् कोणी करतो. म्हणून हें काम मला विशेष मोलाचें वाटतें.

आणखी एक अडचण आहे. कर्नलचा एक भाग प्रोसेसरांची गणती करीत असतांनाच एक प्रोसेसर निघून गेला, तर गणती चुकते. एवढेंच नव्हे, तर रिकाम्या जागीं काम सोंपविलें जातें. म्हणून गणती चालू आहे तोंवर कोणी यावयाचें नाहीं व जावयाचें नाहीं, असें कुलूप घालावें लागतें. गणना करणारे कितीही असोत, त्यांना एकमेकांची अडचण होत नाहीं. येणाऱ्या-जाणाऱ्यानें मात्र सर्वांची गणना संपेपर्यंत थांबावयाचें.

मेमरीचें प्रकरण याहून बिकट आहे. मेमरीचीं पानें पाडलेलीं असतात. नेहमींच्या यंत्रांत एक पान ४०९६ बाइटांचें असतें. अशा ३२,७६८ पानांचा, म्हणजे १२८ मेगाबाइटांचा, एक गट धरला, तर त्या प्रत्येक पानाची नोंद ठेवावी लागते, आणि ६४ बाइटांची एक नोंद ह्या हिशेबानें त्या नोंदवहीलाच २ मेगाबाइट जागा हवी. आतां गंमत पाहा. मेमरी संपत आली म्हणून नवी आणली, आणि तिची नोंदवही ठेवण्यापुरतीही जुनी मेमरी शिल्लक नाहीं! ह्यावर तोड अशी कीं, नव्या जागेचाच एक कोपरा तिच्या नोंदवहीला द्यावयाचा.

मेमरी काढतांना खरा कस लागतो. ग्रंथालयांत वाचकाला पुस्तकाचा क्रमांक ठाऊक असतो, फळी ठाऊक नसते. म्हणून ग्रंथपाल पुस्तक हलवितो आणि आपल्या यादींत नवी फळी लिहितो. सामान्य प्रोग्रामचीं पानें अशीं हलवितां येतात. परंतु कर्नलचीं स्वतःचीं बरींचशीं पानें म्हणजे भिंतींत चिणलेलीं कपाटें. त्यांची जागा ठरलेली. असें एकच पान गटांत सांपडलें, तर सारा गट अडून बसतो. ह्यासाठीं मेमरीचा कांहीं भाग ‘हलविण्याजोगा’ म्हणून आधींच राखून ठेवतात, आणि तेथें कर्नलनें आपलीं कपाटें चिणावयाचीं नाहींत, असा दंडक असतो. मात्र हा भाग फार मोठा राखला, तर बाहेर जागा मोकळी असूनही कर्नलचीच उपासमार होते.

हा सगळा व्यवहार आपल्या घरींही घडत असतो. लिनक्सवर चालणाऱ्या कित्येक लॅपटॉपांत झांकण मिटून यंत्र निजविलें, कीं एक प्रोसेसर ठेवून बाकीचे ह्याच पायऱ्यांनीं एकेक करून खालीं उतरविले जातात. शेवटचा तेवढा दिवा मालवतो, आणि झांकण उघडतांच उरलेल्यांना पुन्हा हांक मारतो.