घरी चालतं, मग लॅबमध्ये का नाही?

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या दिवशी माझा सीचा प्रोग्राम घरी विंडोजवर मस्त चालला. लॅबच्या लिनक्सवर मात्र एररची ही भली मोठी रांग! घाबरून मी दिसेल ती ओळ बदलत सुटले आणि चांगला भागही बिघडवला.

मित्रांनो, आधी फक्त पहिली एरर वाचा. खालच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात. मग ती दिली कोणी ते बघा.

हेडर फाइल सापडत नसेल तर तक्रार प्रीप्रोसेसरची. फाइलच्या नावात एस कॅपिटल की स्मॉल, याने विंडोजला सहसा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. टर्बो सीची 'कोनिओ डॉट एच' तर सीच्या स्टँडर्डमध्येच नाही, म्हणून लिनक्सवर जीसीसीला ती मिळत नाही.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं तर कंपायलर पास झाला, अडलाय तो लिंकर. वर्गमूळ काढणारं फंक्शन वापरलं असेल तर कमांडच्या शेवटी 'मायनस एलएम' लिहा. शेवटीच हं! लिंकर फाइली आणि लायब्ररी क्रमाने बघतो.

सगळ्यात फसवी चूक मात्र एरर देतच नाही. टर्बो सीमध्ये इंट 2 बाइटचा, आपल्या पीसीवरच्या जीसीसीमध्ये 4 बाइटचा. त्यामुळे 32,767 च्या पुढची बेरीज एकीकडे बरोबर, दुसरीकडे चक्क उणे!

आणि माझी पहिली एरर? एका कॅपिटल एसची. तेवढ्यासाठी रात्रभर जागले!