भांडवलामागची घडी : औंधचे कर्ज आणि किर्लोस्करवाडी

प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांकडून निधी उभारून तो बहुधा शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांच्या मालकीत गुंतवण्याचा आणि काही वर्षांनी तो हिस्सा विकून नफा वाटून घेण्याचा व्यवसाय, आजच्या रूपात अमेरिकेत घडला. तेथील केकेआर ही पेढी 1976 मध्ये स्थापन झाली, आणि भारतात सेबीने 2012 च्या विनियमांद्वारे असे निधी ‘पर्यायी गुंतवणूक निधी’ या सदरात आणले. पैसा उभारणे हा या व्यवसायाचा सर्वांत ठळक भाग असला, तरी पेढी टिकते ती कोणता उद्योग नाकारायचा याच्या ठरलेल्या निकषांवर, कनिष्ठ सहकाऱ्यालाही विरोध नोंदवता येईल अशा वातावरणावर आणि घेतलेल्या कंपनीचा हिशेब व माणसांची निवड सुधारण्याच्या सवयीवर.

ही कसोटी सांगली-साताऱ्याच्या औद्योगिक इतिहासाला लावली, तर पहिले नाव किर्लोस्करवाडीचे घ्यावे लागते. बेळगावातून कारखाना हलवणे भाग पडले, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर माळजमीन आणि कर्ज दिले, व 10 मार्च 1910 रोजी तेथे कामास प्रारंभ झाला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते या समजुतीमुळे ज्याचे पहिले 40 नांगर खपायला दोन वर्षे लागली, अशा कारखानदारावर टाकलेला हा विश्वास होता. आजच्या कोणत्याही गुंतवणूक समितीने तो प्रस्ताव बहुधा पहिल्याच बैठकीत परत पाठवला असता.

कर्जाने कारखाना उभा राहिला, चालला मात्र तो कामाच्या वाटणीमुळे. यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकरांकडे, कचेरी व हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे, तर वसाहतीची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामुअण्णा यांच्याकडे होती. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर पहारा सोपवण्याइतके धाडसही तेथे होते आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडक होता. 1920 मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली, म्हणजे भागधारकांचे भांडवल आणि त्यांना हिशेब देण्याचे बंधन आले. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांचे ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले, ही जोडी संस्थेच्या घडणीविषयी बरेच सांगते.

फरक आहे तो मुदतीचा. निधीचे आयुष्य साधारणतः दहा वर्षांचे असते, त्याआधी हिस्सा विकून बाहेर पडावे लागते, आणि नफ्यातील पेढीचा रूढ 20 टक्के वाटा संस्थापकांनी पुढच्या पिढीशी किती वाटून घेतला यावर पेढीचे भवितव्य ठरते. औंधच्या भांडवलाला अशी घाई नव्हती, पण वारसाचा प्रश्न किर्लोस्करांनाही टळला नाही. एमआयटीतून शिकून 1926 मध्ये परतलेल्या लक्ष्मणरावांच्या मुलाच्या, शंतनुरावांच्या पिढीने तो विस्ताराने सोडवला : 1941 मध्ये हरिहर, तर 1946 मध्ये बंगळूर आणि पुणे, आणि या नव्या कारखान्यांना वाडीत तयार झालेली माणसे व तिथली हिशेबाची शिस्त उपयोगी पडली.