छायाचित्रावरून वास्तूचे मापन

प्राचीन वास्तूचे जतन करावयाचे म्हणजे प्रथम तिची मापे घेणे आले. भिंतींची उंची, कमानींची वक्रता, शिल्पांची स्थाने ही नोंदलेली असतील, तरच कोसळलेला भाग पूर्ववत उभारता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम मोजपट्टी घेऊन व उंच जागी चढून हातानेच करावे लागे.

1858 साली जर्मनीतील वेट्झलार येथील कॅथिड्रलची मापे घेत असता आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण स्थापत्यविशारद उंचावरून पडता पडता वाचला. ज्या मापासाठी मनुष्याने प्राण धोक्यात घालावे, ते छायाचित्रावरून काढता येणार नाही काय, असा विचार त्याच्या मनात आला.

या विचारामागील तत्त्व सोपे आहे. वास्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला किरण भिंगातून जाऊन कॅमेऱ्यातील काचेवर ठरावीक जागी पडतो. भिंग व काच यांमधील अंतर ठाऊक असल्यास त्या जागेवरून किरणाची दिशा काढता येते. मात्र एका छायाचित्रावरून दिशाच कळते. बिंदू किती दूर आहे हे कळत नाही. म्हणून तीच वास्तू दोन ठिकाणांहून टिपावयाची आणि त्या ठिकाणांमधील अंतर जमिनीवर मोजून ठेवावयाचे. दोन्ही दिशांच्या रेषा कागदावर काढल्या असता त्या जेथे एकमेकींस छेदतात, तेथे तो बिंदू असतो. भूमापनातील त्रिकोणांची रीत ती हीच. यासाठी कॅमेरा समतल व त्यातील काच अगदी उभी असावी लागते.

1885 साली बर्लिन येथे मायडेनबाउअरच्या नेतृत्वाखाली या कार्यासाठी सरकारी संस्था स्थापन झाली. पुढे तिच्या संग्रहात 10,000 हून अधिक काचा जमल्या. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनमधील ‘फ्रेंच डोम’ या घुमटाच्या मनोऱ्याची मोठी हानी झाली. त्याच्या पुनर्रचनेच्या वेळी या जुन्या छायाचित्रांचा आधार मिळाला.

हाताने मापे घेणारा मनुष्य त्या वेळी आवश्यक वाटेल तेवढेच मोजतो. जे राहिले ते वास्तूबरोबर नष्ट होते. नियमानुसार घेतलेल्या छायाचित्रांत मात्र त्या वेळी कोणी न मागितलेली मापेही टिकून राहतात आणि पुढील पिढीस ती हवी तेव्हा काढून घेता येतात.