तीन मिनिटांत प्रबंध

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये दुष्काळ होता, तेव्हा बरेच लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावून अंघोळ उरकत. त्यावरून क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ॲलन लॉसन यांना एक स्पर्धा सुचली आणि २००८मध्ये ती सुरू झाली. संशोधक विद्यार्थ्यानं तीन मिनिटांत आपलं काम सांगायचं. एकच स्थिर स्लाइड, कविता-गाणं नाही, वेळ ओलांडली की बाद! इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना हा सराव फार कामाचा. एरवी सगळं भाषण घोकून येणाऱ्यांचा एक शब्द निसटला की गाडी तिथंच अडते. त्यापेक्षा पहिलं नि शेवटचं वाक्य पाठ असावं, मधलं मुद्द्यांवरून बोलावं. ब्रिटिश-अमेरिकी ढब आणायची धडपड तर व्यर्थच. ‘हायपॉथेसिस’मधला जोर ‘पॉ’वर पडला आणि त्याआधी क्षणभर थांबलं, की ऐकणाऱ्याला नीट कळतं.